चाक कधी हललं?

आमच्या सासऱ्यांना कुठलीही बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न "किती?" हाच असतो. किती म्हणजे रुपये नव्हेत आणि माणसंही नव्हेत. किलोमीटर. कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न ठरलं, कुणी गेलं, अंतर कळल्याशिवाय त्यांना आनंदही होत नाही आणि दुःखही होत नाही.

माझ्याच लग्नाच्या वेळचं सांगतो. आम्ही नाशिकचे, मुलगी साताऱ्याची. बघण्याचा कार्यक्रम. पोहे झाले, चहा झाला, आमच्या आईचं माझं शिक्षण, नोकरी आणि शांत स्वभाव असं सगळं सांगून झालं. मुलीचे वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत ऐकत बसले होते. आई दम घ्यायला थांबली तसे म्हणाले, "नाशिक-पुणे २१०, पुणे-सातारा ११०. ३२० झाले. किती वाजता निघालात?"

"पहाटे पाचला," आई म्हणाली.

"म्हणजे चहापाणी, नाश्ता, सगळं धरून साडेबारा. तुम्ही आलात दीडला. एक तास कुठे गेला?"

बैठकीत शांतता. मामांनी चाकणच्या गर्दीवर ढकलून पाहिलं, पण चाकणचा अर्धा तास यांनी आधीच धरलेला होता. शेवटी मामांना सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं, की राजगुरुनगरला ते एका जुन्या मित्राकडे ‘पाच मिनिटं’ उतरले होते. "हं. आता जुळलं," सासरे म्हणाले. पत्रिका जुळली असं समजून आमच्या मावशीने लगेच साखर वाटली.

सासरे, म्हणजे आमचे अण्णा, एसटीत होते. ३१ वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी साताऱ्याच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून, चौकशीच्या खिडकीत. त्या खिडकीच्या अर्धगोल भोकातून त्यांनी जग पाहिलं आणि जगाने त्यांना एकच प्रश्न विचारला, "साहेब, गाडी कधी?" त्याचं उत्तर देता देता माणूस तसाच घडला. एसटीचं भाडं टप्प्यावर लागतं. ६ किलोमीटरचा एक टप्पा, आणि पुढचा टप्पा सुरू झाला की तो पूर्ण मोजायचा. अण्णांच्या डोक्यात अख्खी पृथ्वी अशी ६-६ किलोमीटरांत कापून ठेवलेली आहे. त्यांची जन्मतारीख १ जून. त्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या गावाची हीच तारीख लावली, पण अण्णा ते मानत नाहीत. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सुटली आणि डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली तीही १ जूनलाच, १९३० साली. यात योगायोग नाही असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते म्हणणं त्यांनी आतापर्यंत सुमारे चारशे वाढदिवसांना ऐकवलेलं आहे, कारण गावात १ जूनवाले पुष्कळ.

अशी माणसं घरोघर असतात. तुमच्याकडे ते काका असतील, नाहीतर सोसायटीतले निवृत्त बँकवाले असतील. तुम्ही दमून दारात उभे असता, बॅग अजून हातात असते, आणि आतून आवाज येतो, "कुठल्या मार्गे आलात?" तुम्ही मार्ग सांगता. मग एक सुस्कारा ऐकू येतो, आणि तुम्ही कुठल्या मार्गे यायला हवं होतं ते कळतं.

आम्ही नेदरलँड्सला जायचं ठरलं तेव्हा बायकोला वाटलं होतं, अण्णा गलबलतील. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. अण्णांनी विचारलं, "थेट की बदलून?" थेट, म्हटल्यावर नातीच्या शाळेतला पृथ्वीचा गोल मागवला, त्यावर मुंबई ते आम्स्टरडॅम दोरा ताणून धरला आणि तो पट्टीवर मोजला. त्यांचं उत्तर ६९०० च्या आसपास आलं, खरं अंतर ६८६० आहे. "दोऱ्याला जरा ताण येतो," ते म्हणाले. पुढे दोनच वर्षांत धाकटा मेव्हणा नोकरीला माद्रिदला गेला. दोरा पुन्हा निघाला. या वेळी तो मुंबईहून माद्रिदला लावलाच नाही, एक टोक आम्स्टरडॅमवर आणि दुसरं माद्रिदवर. "तुमच्या दोघांत १४५९," त्यांनी फोनवर कळवलं. "२४३ टप्पे पूर्ण आणि २४४वा लागला."

मग एका मे महिन्यात अण्णा आणि सासूबाई आमच्याकडे आले. व्हिसा ९० दिवसांचा. आम्ही राहतो आम्स्टेलवेनला, स्किपोल विमानतळाच्या शेजारी. अण्णांना ट्यूलिपच्या बागा दाखवल्या, कालव्यातून बोटीने फिरवलं, पवनचक्क्या दाखवल्या. पवनचक्कीसमोर ते आकाशाकडे बघत उभे होते. डोक्यावरून विमान जात होतं आणि त्यांच्या हातात विमा एजंटाने दिलेली खिशातली डायरी होती.

या देशात त्यांचं मन रमेल की नाही ही आमची चिंता स्किपोलच्या पोल्डरबानने मिटवली. स्किपोलला सहा धावपट्ट्या आहेत. त्यांतली पोल्डरबान २००३ साली सुरू झालेली, ३८०० मीटर लांब आणि टर्मिनलपासून इतकी दूर, की विमान तिथपर्यंत चाकांवर चालत जायला पंधरा-वीस मिनिटं खातं. वाटेत महामार्गावरच्या पुलावरून जातं, खाली मोटारी धावत असतात. त्या धावपट्टीच्या कडेला विमानं बघणाऱ्यांची जागा आहे. घडीच्या खुर्च्या, थर्मास, दुर्बिणी आणि वह्या घेतलेले डच पेन्शनर तिथे दिवसभर बसतात. मी अण्णांना सहज म्हणून घेऊन गेलो आणि ज्याला इंग्रजीही धड येत नव्हतं आणि अण्णांनाही येत नव्हतं अशा एका म्हाताऱ्याशेजारी त्यांना बसवून कॉफी आणायला गेलो. परत येतो तो दोघं एकमेकांच्या मनगटावरची घड्याळं जुळवत होते.

घोटाळा फक्त एकदा झाला. पुढचं मोठं विमान कधी, असं अण्णांनी खुणेने विचारलं. म्हातारा म्हणाला, "हाल्फ तीन." ‘तीन’ म्हणजे डच दहा, हे आमच्या लेकीने, चिमीने, आजोबांना शिकवलं होतं. हाल्फ म्हणजे अर्धा हे कुणालाही कळेल. अण्णांनी साडेदहा लिहिलं आणि विमान साडेनऊला आलं. एक तासाचा फरक! माणूस लबाड निघाला म्हणून त्यांचा चेहरा पडला. मग बायकोने फोनवरून समजावलं, की हे लोक ‘अर्धा दहा’ म्हणतात तेव्हा दहाला अर्धा कमी असतो. अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्या पावण्याचा मोठा भाऊ! पावणेदहात पाव कमी, यांच्यात अर्धा कमी. मग बरोबर आहे त्यांचं." तेवढ्यावर त्यांनी डच संस्कृतीला मान्यता दिली. त्यानंतर मंगळवार आणि शुक्रवार ते तिकडेच असत. सासूबाई डबा द्यायच्या आणि म्हणायच्या, "स्वर्गाच्या दारात गेले तरी आधी विचारतील, कुठल्या मार्गे आणलंत."

आता खरा मुद्दा. आम्स्टरडॅम ते माद्रिद विमानाला किती वेळ लागतो? तुम्ही-आम्ही तिकीट बघून सांगू, दोन तास पस्तीस मिनिटं. अण्णांच्या लेखी हे उत्तर अर्धशिक्षित माणसाचं. वेळ चार प्रकारची असते. एक कागदावरची. दुसरी चाकाची, म्हणजे चाक हलल्यापासून चाक थांबेपर्यंत. तिसरी हवेतली, जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत. आणि चौथी उंबऱ्याची, या घराच्या उंबऱ्यापासून त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत. पहिली कंपनीची, दुसरी ड्रायव्हरची, तिसरी विमानाची, आणि "चौथी तेवढी आपली." कुणी नुसतं "दोन-अडीच तास" म्हटलं, की अण्णा मान तिरकी करून विचारतात, "कागदावर सांगू नका. चाक कधी हललं?"

यातलं बरंचसं त्यांनी स्वतः शोधून काढलेलं असलं तरी विमानवाल्यांचा हिशेबही असाच असतो. चाकांना लावलेले ठोकळे काढले, की वेळ सुरू आणि पुन्हा लावले, की बंद. इंग्रजीत तिला ब्लॉक टाइम म्हणतात, तो ब्लॉक म्हणजे हाच ठोकळा. हे मी सांगितलं तेव्हा अण्णांना गहिवरून आलं. "आमच्याकडे दगड लावायचे," ते म्हणाले. "घाटात गाडी उभी केली, की क्लीनर आधी दगड शोधायचा." कंपन्या वेळापत्रकात वीस-पंचवीस मिनिटं हातची राखून ठेवतात, म्हणजे उशिरा निघूनही वेळेवर पोचल्याचं सांगता येतं, हेही त्यांना सांगितलं. त्याचं मात्र त्यांना वाईट वाटलं. "रनिंग टाइममध्ये पाणी घालायचं नाही," इतकंच म्हणाले आणि बराच वेळ बोलले नाहीत.

जूनमध्ये आम्ही सगळे माद्रिदला मेव्हण्याकडे निघालो. विमान ९.४० चं. अण्णांनी सगळ्यांना ६.४५ ला घराबाहेर काढलं. चिमी झोपेतच होती, तिला तशीच बसमध्ये घातली. विमानतळ घरापासून वीस मिनिटांवर, म्हणजे सुरक्षा तपासणी उरकून आम्ही पावणेआठला दारापाशी बसलो होतो आणि ज्या विमानाने जायचं ते अजून कुठल्या तरी दुसऱ्या देशात होतं. मी काही बोललो नाही. जावयाने काही बोलायचं नसतं.

विमानात अण्णांना खिडकीची जागा. डायरी मांडीवर, घड्याळ काढून समोरच्या फळीवर. ९.३८ दार बंद. ९.४६ चाक हललं. हवाई सुंदरी पट्टा कसा बांधायचा ते दाखवत होती, ती त्यांच्या ओळीपाशी आली तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, बाहेर पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि मग ‘चालू द्या’ अशी खूण केली. तिने चालू दिलं. तिच्याही घरात असं कुणीतरी असावं. विमान पोल्डरबानकडे निघालं आणि चालतच राहिलं. "जावईबापू, हे रस्त्याने नेणार आहेत काय?" १०.०४ ला एकदाचं उडालं, तेही तोंड उत्तरेला करून. पोल्डरबानवरून उत्तरेकडेच उडतात. माद्रिद दक्षिणेला. "जायचं कोल्हापूरला आणि गाडी काढायची पुण्याच्या दिशेने," अण्णा म्हणाले, पण लिहून घेतलं.

फ्रान्स त्यांनी शांतपणे ओलांडला. मध्ये फक्त एकदा वळून विचारलं, आपण निघालो ते गाव समुद्रसपाटीपासून किती उंच? मी सांगितलं, उंच नाही, विमानतळ समुद्रसपाटीच्या ३ मीटर खाली आहे, पूर्वी तिथे मोठा तलाव होता, १८५२ साली तो उपसून कोरडा केला. आणि माद्रिदचा? ६०० मीटरच्या वर. "म्हणजे घाट आहे," ते समाधानाने म्हणाले आणि खुर्चीत सावरून बसले. १२.०७ ला टेकलं. लोकांनी पट्टे सोडले, फोन चालू केले, मागे कुणीतरी "पोचलो पोचलो" असं घरी कळवलं. अण्णांनी मागे वळून त्या माणसाकडे पाहिलं. मराठी समजत असतं तर त्याला कळलं असतं, की टेकणं वेगळं आणि पोचणं वेगळं. १२.१७ चाक थांबलं. १२.२१ दार उघडलं. मग माद्रिदची ती प्रसिद्ध बांबूची छतं, तिथून बॅगा, तिथून मेट्रोची ८ नंबरची लाइन, नुएवोस मिनिस्तेरिओसला बदलायचं, आणि १३.५० ला मेव्हण्याच्या दाराची घंटी. त्याने दार उघडलं, वडिलांना दोन वर्षांनी बघत होता, पुढे होऊन पाया पडणार, तोच अण्णांनी एक बोट वर केलं, उंबऱ्याच्या आत पाय टाकला, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. सात तास पाच मिनिटं. मग त्याला जवळ घेतलं. बराच वेळ घेतलं.

संध्याकाळी हिशेब झाला. १४५९ भागिले सात तास पाच मिनिटं, ताशी २०६ किलोमीटर. "विमान कुठलं, ही तर जरा चांगली आगगाडी." मेव्हण्याने तेल ओतलं. माद्रिद ते बार्सिलोना विमानाने ४८३ किलोमीटर, आगगाडीने ६२१. पण २००८ साली तिथे वेगवान गाडी सुरू झाली, ती अडीच तासांत शहराच्या पोटातून निघून शहराच्या पोटात सोडते, आणि उंबऱ्याचा हिशेब केला तर विमानवाला मागे राहतो. लांबचं अंतर जवळचं झालेलं ऐकून अण्णा रात्री उशिरापर्यंत जागे होते. तसंही तिथे रात्र उशिराच होते. जूनच्या अखेरीला पावणेदहाला सूर्य मावळतो, कारण माद्रिद लंडनच्याही पश्चिमेला असून १९४० पासून घड्याळ मात्र बर्लिनचं लावतं. याला अण्णांचा आक्षेप नव्हता. त्यांचा आक्षेप लंडनला. आम्स्टरडॅमहून लंडनला ३७० किलोमीटर, नऊला निघालेलं विमान तिथल्या घड्याळात सव्वा-साडेनऊला पोचतं, आणि येताना तेच विमान सव्वादोन तास घेतं. "जाताना एक तास वाचला म्हणून चहा पाजतील आणि येताना कापून घेतील. सरकारी भत्त्यासारखं आहे."

चिमीने या काळात आजोबांना दोन भेटी दिल्या, त्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत. एक, फ्रँकफर्ट-हान नावाचा विमानतळ, जो फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटरवर आहे. अण्णा हसून हसून बेजार झाले. "अगं, मग आपल्या साताऱ्याच्या स्टँडला पुणे-दक्षिण म्हणायला हवं! आम्ही तर ११० वरच आहोत." दुसरी भेट स्कॉटलंडची. तिथे ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी विमानसेवा आहे, १९६७ पासून. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं आणि वारा चांगला असताना ५३ सेकंदांत गेल्याची नोंद आहे. हे ऐकून अण्णा हसले नाहीत. "अर्धा टप्पासुद्धा नाही," ते हळूच म्हणाले. मग चिंतेने विचारलं, "कंडक्टर तिकीट कधी फाडतो?"

परतीच्या प्रवासात अण्णांनी जे केलं त्यामुळे मी गेली दोन वर्षं त्यांच्या डायरीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. विमान संध्याकाळी ६.१० चं होतं. ते रखडलं. आधी एक तास, मग दोन, मग बोर्डावर नुसत्याच रेघा. शेवटी निघालं. ८.४५ ला पोचायचं ते रात्री ११.४० ला टेकलं. रात्रीची वेळ, म्हणजे पुन्हा पोल्डरबान. मग चाल चाल चाललं आणि ११.५३ ला दार उघडलं. आम्ही पेंगत बाहेर पडलो. अण्णा डायरी लिहीत सगळ्यात शेवटी.

युरोपात २६१/२००४ या क्रमांकाचा नियम आहे. त्यावर न्यायालयाने जे निकाल दिले त्यानुसार पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असली, की प्रवाशाला भरपाई मिळते. १५०० किलोमीटरपर्यंत माणशी २५० युरो, युरोपातल्या त्याहून लांबच्या प्रवासाला ४००. मी अर्ज केला. कंपनीचं नम्र उत्तर आलं, की विमान दोन तास पंचावन्न मिनिटं उशिरा उतरलं, पाच मिनिटांनी आपला दावा हुकला, क्षमस्व. मी सोडून दिलं होतं. रात्री जेवताना सहज बोललो. अण्णांनी घास खाली ठेवला. "कुणी सांगितलं पोचलं म्हणून? टेकलं होतं ते. दार ११.५३ ला उघडलंय. तीन तास आठ मिनिटं."

मी शोधत बसलो, आणि खरोखरच असा खटला सापडला. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला जाणारं एक विमान दोन तास अठ्ठावन्न मिनिटं उशिरा टेकलं होतं आणि जागेवर उभं राहिलं तेव्हा तीन तास तीन मिनिटं झाली होती. प्रवाशाचं म्हणणं तीन तास झाले, कंपनीचं म्हणणं नाही झाले. युरोपीय न्यायालयाने ४ सप्टेंबर २०१४ ला निकाल दिला, की विमानाचं निदान एक दार उघडतं आणि माणसांना बाहेर पडता येतं, तीच पोचल्याची वेळ. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णा उठले, हात धुतले, परत येऊन बसले. "लक्झेंबर्गला आहे ना हे न्यायालय? किती आहे इथून?"

त्या निकालाचा हवाला देऊन आणि डायरीच्या पानाचा फोटो जोडून मी पुन्हा पत्र पाठवलं, आणि पैसे आले. पाच माणसांचे १२५० युरो. मला आता चव लागली होती. मी म्हटलं, अण्णा, विमान वळसे घेत आलं, अ‍ॅपवर १५४० किलोमीटर दाखवतंय, म्हणजे १५०० च्या वर, म्हणजे माणशी ४००. आणखी ७५० युरो निघतात. भांडू या.

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं फुकट पासावर बसलेल्या धडधाकट माणसाकडे ते खिडकीतून बघत असावेत. "जावईबापू, अंतर दोऱ्याचं धरतात. १४५९. ४१ ने कमी आहे, तर आहे. ड्रायव्हरने खड्डा चुकवला म्हणून टप्पा वाढत नाही." नियमही तसाच आहे, सरळ अंतर धरायचं. विषय संपला. ७५० युरो गेले.

ऑगस्टमध्ये त्यांचे दिवस संपत आले. एका रात्री जेवणं झाल्यावर अण्णा डायरी चाळत होते. मधूनच, वर न बघता म्हणाले, "अडीच तासांचं तर अंतर आहे. आणि तुम्ही दोघं बहीणभाऊ दोन-दोन वर्षं भेटत नाही."

बायको भांडी आवरत होती. दमलेली होती. ती म्हणाली, "अडीच कुठले, अण्णा? तुमच्याच डायरीत सात तास पाच मिनिटं लिहिलेत. जायचे सात, यायचे सात. शनिवार-रविवार राहतो किती त्यात?"

अण्णांनी पान उलटलं, परत पहिलं पान काढलं, आकडा पाहिला. आकडा त्यांच्याच अक्षरातला होता. सासूबाई म्हणाल्या, "घ्या." आणि कुणी काही बोललं नाही. डायरी त्यांनी खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

परवा दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमचा तिन्ही घरांचा फोन चालला होता, सातारा, माद्रिद आणि आम्स्टेलवेन. बायको भावाला म्हणत होती, भाऊबीजेला ये. तो कुरकुरत होता, सुट्टी नाही, आणि जाण्यायेण्यातच जीव जातो, एका बाजूला सात-साडेसात तास.

"सात?" साताऱ्याहून आवाज आला. "कोण म्हणतं सात? दोन तास तीन मिनिटं. मी स्वतः घड्याळ लावलं होतं."

"अण्णा, ते हवेतलं झालं."

"मग विमान हवेतच चालतं ना? बाकीचं काय धरत बसतोस!" मग सासूबाई मागून काहीतरी म्हणाल्या, ते ऐकू आलं नाही. अण्णांनी घसा साफ केला. "आणि वारा बरोबर असला, तर एक तास अठ्ठावन्न."